किनेक्टचा लॉट स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. त्याचं मोबाईल आणि कन्सोल रिपेअरचं छोटं दुकान आहे, मागच्या खोलीत दोन पीएस-फोर (प्लेस्टेशन ४) लावून पोरांना तासावर खेळायला देतो. मुंबईतला एक व्यापारी त्याला मोशन कंट्रोलच्या, म्हणजे हात-अंग हलवून गेम खेळायच्या, जुन्या मालाचा लॉट देतोय. त्यात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलचे ४० किनेक्ट, म्हणजे समोरच्या माणसाची हालचाल बघणारे कॅमेरे आहेत (त्यातल्या फक्त ९ सोबत पॉवर अडॅप्टर), एक्सबॉक्स वनचे ६ किनेक्ट, सोनीच्या प्लेस्टेशनचे २४ मूव्ह (हातात धरून हलवायचे कंट्रोलर), निन्टेन्डोच्या 'वी' कन्सोलचे १० रिमोट नंचकसकट (नंचक म्हणजे दुसऱ्या हातात धरायचा जोड कंट्रोलर) आणि ३ बॅलन्स बोर्ड (वर उभं राहून खेळायच्या पाट्या). सगळं मिळून ८० हजार, निवडून मिळणार नाही, परत घेणार नाही. तो लिहितो, "दादा, एकेक किनेक्ट २ हजाराला गेला तरी ८० हजार तिथेच वसूल, बाकीचा माल फुकट पडला. वर्षभरात माझ्याकडे ११ थ्री-सिक्स्टी रिपेअरला आले म्हणजे गिऱ्हाईक आहे. पैसे दुकानाच्या डिपॉझिटसाठी साठवलेले आहेत. घेऊ का? आणि या मोशन कंट्रोलला पुढे काही भविष्य आहे का?"

मित्रा, आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो, कारण व्यापारी तुला घाई करत असणार. या भावाला, या अटीवर, अख्खा लॉट घेऊ नकोस. डिपॉझिटचे पैसे तर अजिबात घालू नकोस. पण या लॉटमध्ये चांगला माल आहे, थोडाच आहे, तो कुठला आणि किती रुपयांपर्यंत ते नीट बघू.

तुझा हिशोब जिथे चुकतोय तिथूनच सुरू करतो. वर्षभरात ११ थ्री-सिक्स्टी आले असं तूच लिहिलंयस. या ११ पैकी सगळ्यांनी, अगदी एकूण एकाने किनेक्ट घेतला तरी तुझ्याकडे २९ उरतात. आणि सगळे घेणार नाहीत, कारण ज्याला हौस होती त्याच्या घरी तो कधीचाच माळ्यावर पडलेला आहे. बरं, त्या ११ मध्ये जुनं जाडं मॉडेल किती आणि स्लिम किती हे तू मोजलंयस का? २०१० मध्ये स्लिम आलं त्याला मागे किनेक्टसाठी वेगळं पोर्ट आहे, त्यातूनच त्याला पॉवर मिळते. जाड्या मॉडेलला ते पोर्ट नाही, तिथे यूएसबी आणि पॉवरचा जोड अडॅप्टर लागतोच, पीसीला लावायचा तरी तोच लागतो. म्हणजे तुझे ३१ किनेक्ट फक्त स्लिमवाल्याला किंवा त्याच्यानंतरच्या ई मॉडेलवाल्याला उपयोगी, बाकीच्यांसाठी तुला अडॅप्टर वेगळे मागवावे लागणार आणि ते किनेक्टच्याच भावाला पडले तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. त्या व्यापाऱ्याकडे अडॅप्टर ९ च का उरले याचा विचार कर, मला तरी वाटतं की चालणारे सेट त्याने आधीच विकलेत आणि हा मागे राहिलेला गाळ आहे.

आता तुला वाटेल की एवढा नावाजलेला माल, कोण घेणार नाही? तर किमतीचीच गोष्ट सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. मी ठाण्यात २००९ ते २०१५ गेम पार्लर चालवलं, हे सगळं काउंटरच्या मागे उभं राहून बघितलेलं आहे.

निन्टेन्डोचं वी अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये २५० डॉलरला आलं आणि रिमोट डब्यातच होता, वर वी स्पोर्ट्स हा गेमही जपान सोडून बहुतेक ठिकाणी डब्यातच. हे लक्षात ठेव, डब्यातच. आजीने घेतलं, शाळेतल्या पोराने घेतलं, ज्याच्या ज्याच्याकडे वी त्याच्याकडे रिमोट, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीला शंभर टक्के खात्री की हात हलवून खेळायचा गेम काढला तर प्रत्येक घरात चालणार. कन्सोल दहा कोटींच्या वर गेलं आणि कंपनीने खरा गल्ला भरला तो जास्तीच्या रिमोटवर. एक रिमोट ४० डॉलर, नंचक २०. चौघांच्या घराला आणखी तीन जोड्या घ्यायच्या तर १८० डॉलर, आणि २००९ मध्ये कन्सोलचाच भाव २०० वर आला होता! पण माणसाला ते टोचायचं नाही, कारण आधी एका रिमोटवर मजा आलेली असायची आणि दुसरा, तिसरा सवडीने यायचा.

मग सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघेही २०१० मध्ये उतरले, दोघांनीही चालू कन्सोलला वरून जोडायची वस्तू काढली. मूव्ह सप्टेंबरमध्ये आला, एक कंट्रोलर ५० डॉलर, कॅमेरा ४०, नेव्हिगेशनचा छोटा कंट्रोलर ३०, आणि कॅमेरा, मूव्ह, गेम असा सेट १०० ला. किनेक्ट नोव्हेंबरमध्ये आला, गेमसकट सरळ १५०. लोक म्हणायचे किनेक्ट महाग आहे, पण दोघांनी खेळायचं धरलं तर मूव्हचा सेट १०० आणि दुसरा मूव्ह ५०, म्हणजे तिथेही दीडशेच. फरक एवढाच की मूव्हवाल्याला तीन-चार डबे बघून काय काय लागेल त्याची यादी करावी लागायची आणि किनेक्टवाल्याला एकच डबा उचलायचा होता. माझ्या दुकानात मी हे रोज बघायचो, बाप माणूस काउंटरवर यायचा, मूव्हचं काय काय घ्यायचं ते समजावून सांगितलं की "विचार करून सांगतो" म्हणून जायचा. किनेक्टला कोणी काही विचारायचंच नाही. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख गेले, गिनीज बुकात सगळ्यात वेगाने विकलं गेलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणून नोंद झाली, आणि २०१३ च्या सुरुवातीपर्यंत आकडा २ कोटी ४० लाखांवर गेला.

हाच आकडा बघून तुला व्यापारी सांगत असेल की बघ केवढी डिमांड होती. अरे पण त्याचा अर्थ उलटा घे. २ कोटी ४० लाख तुकडे जगात बाहेर पडलेत आणि ज्याच्यासाठी ते घेतले ते गेम पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर आटत गेले, म्हणून जगभरात माळ्यावरून किनेक्ट खाली उतरतायत. मागणी जुनी, पुरवठा अजून चालूच, असल्या मालाचा भाव एमआरपीवरून ठरत नाही.

मायक्रोसॉफ्टने मग वीसारखं करून बघितलं, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्स वन काढलं त्यात किनेक्ट डब्यातच, भाव ५०० डॉलर. समोर पीएस-फोर ४०० ला. शंभर डॉलरचा फरक आणि तो किनेक्टमुळेच आहे हे गिऱ्हाइकाला लगेच दिसलं. सात महिनेही टिकलं नाही, जून २०१४ मध्ये किनेक्ट काढून ४०० चा डबा आला. आणि ज्या दिवशी तो डब्यातून निघाला त्या दिवशी त्याच्यासाठी गेम बनवायचं कारणच संपलं. २०१७ मध्ये उत्पादन बंद, वन एस आणि वन एक्स या एक्सबॉक्स वनच्या नंतरच्या मॉडेलना लागणारा अडॅप्टर २०१८ च्या जानेवारीत बंद, आणि आताच्या सिरीज एक्स, सिरीज एसला तर तो चालतच नाही. म्हणजे तुझे ते ६ वनचे किनेक्ट फक्त पहिल्या मॉडेलच्या एक्सबॉक्स वनला सरळ लागतात, वन एस, वन एक्स आणि पीसीला अडॅप्टर, आणि अडॅप्टरचा भाव किनेक्टपेक्षा जास्त. ते घेऊच नकोस, फुकट दिले तर ठेव.

थ्री-सिक्स्टीच्या किनेक्टला आणखी एक मार बसलाय. २९ जुलै २०२४ ला थ्री-सिक्स्टीचं ऑनलाइन स्टोअर बंद झालं. डाऊनलोड करून घ्यायचे छोटे किनेक्ट गेम, लहान पोरांना सगळ्यात जास्त आवडणारे, ते आता नव्याने विकत घेता येत नाहीत, राहिले फक्त डिस्कवाले. म्हणून नुसता किनेक्ट विकायला ठेवलास तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारेल "गेम कुठला आहे?", आणि लॉटमध्ये एकही डिस्क नाहीये, तू यादीत लिहिलेली तरी नाही.

बरं मग या लॉटमध्ये घेण्यासारखं काय? मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते ३ बॅलन्स बोर्ड आणि १० रिमोट, ज्यांच्याबद्दल तू पत्रात एक ओळसुद्धा जास्त लिहिली नाहीस. वी हा मेलेला कन्सोल वाटतो पण जस्ट डान्स या नाचायच्या गेमची नवी आवृत्ती त्याच्यासाठी २०१९ पर्यंत निघत होती, कन्सोल आल्यानंतर १३ वर्षांनी! रिमोट पीसीलाही ब्लूटूथवर जोडता येतो, जुने गेम पीसीवर खेळणारी पोरं खरा रिमोट शोधत असतात. रिमोट हातात घेतलास की खाली वीच्या नावाखाली "मोशनप्लस इनसाइड" असं छापलंय का बघ. सुरुवातीच्या रिमोटमध्ये हाताची फिरकी नीट कळायची नाही म्हणून २००९ मध्ये २० डॉलरचा मोशनप्लसचा तुकडा वेगळा काढला, पण तो सगळ्यांकडे नाही म्हटल्यावर गेमवाले त्याच्या वाटेला जाईनात, शेवटी २०१० मध्ये निन्टेन्डोने तो रिमोटच्या पोटातच घातला. तो रिमोट जास्त भावाचा, बाकीचे कमी. नकली रिमोटही ढीगभर फिरतात, वजनाला हलके लागतात आणि बटणं खडखडतात, तुझ्या रिपेअरच्या हाताला ते लगेच कळेल. बॅटरीचं झाकण उघडून बघ, सेल गळून पत्रे हिरवे झाले असतील तर भाव पाड, साफ तू करू शकतोस.

बॅलन्स बोर्डमध्ये चार कोपऱ्यांत चार वजनाचे सेन्सर असतात, चार साधे पेन्सिल सेल लागतात. तोल सावरायचा व्यायाम घेण्यासाठी फिजिओथेरपीमध्ये बऱ्याच ठिकाणी तो वापरून बघितलाय, अभ्यासही झालेत. सांगली-मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथल्या फिजिओवाल्यांना एकदा नेऊन दाखवायला काय हरकत आहे? फक्त मेडिकल मशीन म्हणून विकू नकोस, हा गेमचा बोर्ड आहे, पेशंटला खेळवत व्यायाम करून घ्यायला चालतो, एवढंच खरं खरं सांग.

मूव्हबद्दल मात्र मला जरा जपून बोलावंसं वाटतं, कारण माझे पैसे तिथेच गेलेत. २०१२ मध्ये भाव उतरला तेव्हा मी १६ मूव्ह घेऊन ठेवले, तेव्हा खेळणारं कोणी नव्हतं, खोक्यात घालून विसरलो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीचा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचा स्क्रीन) आला आणि त्याला कंट्रोलर म्हणून सोनीने हाच सहा वर्षांपूर्वीचा मूव्ह वापरला. अचानक मागणी आली, मला फोन यायला लागले, खोकं उघडलं तर बहुतेकांच्या बॅटऱ्या मेलेल्या, चार वर्षं चार्जच केले नव्हते ना. वाट बघण्यात माझी चूक नव्हती, वेळ बरोबर आलीच होती, चूक ठेवण्यात झाली. आत लिथियम बॅटरी आहे, रिकामी पडून राहिली की संपते. तुझ्या लॉटमधले मूव्ह किती वर्षं पडलेत कोणास ठाऊक, म्हणून प्रत्येक मूव्ह चार्जिंगला लावून दिवा लागतोय आणि चार्ज टिकतोय हे बघितल्याशिवाय त्याला पैसे मोजू नकोस. तू बॅटरी बदलू शकतोस हे ठीक, पण तो खर्च भावातून कापून घे.

आणि मूव्हची दुसरी लाटही आता ओसरली. २०२३ मध्ये व्हीआरचं दुसरं मॉडेल आलं त्याला स्वतःचे वेगळे कंट्रोलर आहेत, मूव्ह तिथे चालत नाही. पण त्याच कारणाने पहिल्या मॉडेलचे हेडसेट सेकंडहँडला उतरलेत, आणि तुझ्याकडे दोन पीएस-फोर आहेतच! एक जुना हेडसेट आणि पीएस-फोरचा कॅमेरा मिळाला (पीएस-थ्रीचा चालत नाही, फसू नकोस) तर चार मूव्ह तू विकायचे नाहीत, मागच्या खोलीत लावायचे. सांगलीत घरी व्हीआर घेणारे थोडे, पण अर्धा तास डोक्याला लावून बघायला पैसे देणारी पोरं भरपूर. ज्या वस्तूला विकत घेणारा मिळत नाही तिला भाड्याने घेणारा मिळतो, माझं पार्लर सहा वर्षं यावरच चाललं.

किनेक्टही तसाच बघ. अडॅप्टरवाल्या ९ पैकी चालतील ते घे. दोन स्वतःला ठेव. त्याला एका माणसासाठी समोर साधारण सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट मोकळी जागा लागते, आपल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्हीच्या मध्ये एवढं अंतर नसतं आणि माझ्या मते आपल्याकडे तो घरोघरी न चालण्याचं हे मोठं कारण होतं, भावाइतकंच. पण सोसायटीच्या हॉलमध्ये, वाढदिवसाला, गणपतीत मुलांच्या स्पर्धा असतात तिथे प्रोजेक्टरवर लावलास तर लहानांपासून आज्यांपर्यंत सगळे उभे राहतात, हातात काही धरायचंच नाही ना. फक्त दुपारी उघड्या मांडवात लावू नकोस, त्याच्या इन्फ्रारेडच्या ठिपक्यांवर ऊन पडलं की त्याला माणूस दिसत नाही. संध्याकाळी किंवा बंद हॉलमध्येच.

उरलेले पाच-सहा इंजिनिअरिंगच्या पोरांना दाखव. किनेक्ट बाजारात आल्यावर काही दिवसांतच लोकांनी तो पीसीवर चालवून दाखवला होता आणि तेव्हापासून थ्रीडी स्कॅनिंग, रोबोट, लाइट-साउंडचे आर्ट प्रोजेक्ट यात तो वापरला गेलाय. वालचंदसारखं कॉलेज तुझ्या गावात आहे, प्रोजेक्टच्या सीझनला अडॅप्टरसकट, पीसीवर चालवून दाखवलेला किनेक्ट जातो. पण खूप आशा नको, आता साध्या वेबकॅमवर सॉफ्टवेअरनेच हातपाय ओळखता येतात त्यामुळे ती मागणीही पूर्वीएवढी नाही, समोरची वस्तू किती लांब आहे ते मोजायचं असेल त्यालाच तो लागतो.

आता भविष्याचं विचारलंस ते. मोशन कंट्रोल मेलेलं नाही, ते डब्याच्या आत गेलंय. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलच्या जॉय-कॉनमध्ये, म्हणजे त्याच्यासोबत येणाऱ्या छोट्या कंट्रोलरमध्ये, ते आहेच, व्हीआरच्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये आहे, आणि अमेरिकेत नेक्स प्लेग्राउंड म्हणून छोटासा चौकोनी डबा २०२३ पासून विकला जातोय, किनेक्टसारखाच समोरच्या माणसाला कॅमेऱ्याने बघणारा, कंट्रोलर नाहीच, सुरुवातीला २०० डॉलर होता आणि नंतर २५० झाला, गेमसाठी वर्गणी वेगळी. घरातल्या लहान पोरांसाठी पालक घेतात. म्हणजे हौस तीच आहे, फक्त लोकांना आधी एक कन्सोल आणि मग वरून दुसरी वस्तू असं नकोय. वेगळी विकली जाऊन खरोखर चाललेली अलीकडची एकच मोठी गोष्ट मला दिसते, स्विचचं रिंग फिट, २०१९ मध्ये ८० डॉलरला आलं, त्यात प्लॅस्टिकची रिंग आणि गेम एकत्र, महागडं सेन्सरचं काम जॉय-कॉन करतात जे घरात आधीपासून आहेत. दीड कोटींच्या वर गेलं ते. स्विच आपल्याकडे बहुतेक इम्पोर्टवाल्यांकडूनच येतो, पण कोणी रिंग फिट सेकंडहँड घेऊन आलं तर रिंगसकट, मांडीच्या पट्ट्यासकट आणि गेमसकट असेल तर डोळे झाकून घे. नुसती रिंग घेऊ नकोस.

तर व्यापाऱ्याला फोन करून असं सांग. अडॅप्टरवाले ९ किनेक्ट, १० रिमोट, ३ बोर्ड आणि ८ मूव्ह, प्रत्येक नग चालवून बघणार आणि चालेल त्याचेच पैसे देणार. एकूण २० हजाराच्या वर जाऊ नकोस, आणि तेही डिपॉझिटला हात न लावता जमत असेल तर. "सगळा उचल नाहीतर नको" म्हणाला तर नको म्हण. तो महिन्याभरात परत फोन करेल असं मला वाटतं, कारण ते ३१ बिनअडॅप्टरचे किनेक्ट जसे तुला जड आहेत तसे त्यालाही जड आहेत. त्याने नाही केला तरी तुझं काही बुडत नाही, दुकानाची जागा तुझ्या ताब्यात राहते.

बघायला जाशील तेव्हा सोबत एक स्लिम थ्री-सिक्स्टी, एक किनेक्टची डिस्क, एक वी, पेन्सिल सेलचं पाकीट, मूव्हसाठी जुन्या मिनी यूएसबीची केबल आणि छोटा टीव्ही घेऊन जा. आणि निघायच्या आधी विचारून घे की त्याच्या गोदामात प्लग पॉइंट आहे का.